कोर्टातला वारसाचा कागद: शोधायचा कुठे, नक्कल मागायची कशी



"कोर्टातून वारस दाखला झालाय, आता तुझं काही राहिलेलं नाही." माहेरी किंवा सासरी हे वाक्य एकदा कानावर पडलं की आपल्यातल्या बहुतेक जणी गप्प बसतात. कोर्टाचं नाव घेतलं म्हणजे विषय संपला, असं आपल्या मनात बसलेलं आहे.

पण तो दाखला पाहिलाय का कुणी? त्यात नावं कुणाची आहेत? अर्ज कोणत्या साली झाला? तुम्हाला नोटीस पोहोचली असं त्यात लिहिलंय का? तुमची संमती आहे म्हणून कुणाचा अंगठा लावलाय? याची उत्तरं भावाच्या किंवा दिराच्या तोंडी नाहीत, कोर्टाच्या फायलीत आहेत. फाईल सरकारी दप्तरात असते आणि तिची नक्कल मागता येते. ती कशी मागायची, तेवढाच आजचा पाठ आहे. भांडायचं की नाही, हिस्सा घ्यायचा की सोडायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त कागद वाचल्यावर ठरवा.

सुरुवात गावातून

थेट कोर्टात जाऊन "आमची केस शोधून द्या" म्हटलं तर तिथला माणूस पहिल्यांदा नंबर विचारतो. तो नंबर बहुतेक वेळा गावातल्याच कागदावर सापडतो, म्हणून आधी सातबारा काढा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. मोबाइलवर जमत नसेल तर सेवा केंद्रातून काढून घ्या.

सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो, आणि खाली जुन्या फेरफारांचे क्रमांक असतात. ज्या फेरफारानं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कमी होऊन दुसऱ्यांची नावं लागली, तो क्रमांक वहीत टिपून घ्या. मग तलाठ्याकडून (आता पाटीवर 'ग्राम महसूल अधिकारी' लिहिलेलं दिसेल) किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या फेरफाराची नक्कल मागा. बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार आता संगणकावरही चढवलेले आहेत.

फेरफार हा छोटासा कागद असतो, पण नाव का बदललं ते त्यात लिहिलेलं असतं. वारसानं, मृत्युपत्रानं, हक्कसोडपत्रानं, तहसीलदाराच्या वाटप आदेशानं की कोर्टाच्या हुकमानं. कोर्टाचा हुकूम असेल तर कोर्टाचं नाव, अर्जाचा नंबर आणि तारीख तिथे सापडते. पुढचं सगळं याच धाग्यावर चालतं. वारसानं नाव लागलं असेल तर गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवहीचा उताराही मागा. मेलेल्या माणसाचे वारस कोण, त्यांचं नातं काय, ते त्या वहीत लिहिलेलं असतं. तुमचं नाव गळलं असेल तर ते इथेच दिसेल.

सातबारा वाचताना आणखी दोन ठिकाणी नजर टाका. थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं असतील तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, एकटा मालक म्हणून नाही. आणि 'इतर अधिकार' असा जो रकाना असतो, त्यात पूर्वी बहिणींची नावं टाकायची पद्धत होती. कित्येक जणींना वाटतं आपलं नाव सातबाऱ्यावर नाहीच, आणि ते त्या कोपऱ्यात बसलेलं असतं.

कोर्टात कोणता कागद निघतो?

बोलताना आपण सगळ्याला 'वारस दाखला' म्हणतो. कोर्टात मात्र तीन वेगवेगळे कागद असतात.

वारस दाखला १८२७ च्या जुन्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो. मेलेल्या माणसाचे कायदेशीर वारस कोण, हे त्यात येतं. सक्सेशन सर्टिफिकेट १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखाली मिळतं आणि ते बँकेतल्या ठेवी, येणी, शेअर्स अशा पैशासाठी असतं. जमिनीसाठी ते नसतं. तिसरं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असं कोर्टानं शिक्का मारून सांगणं. आपल्या खेड्यातल्या जमिनीच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं नाही, त्यामुळे त्या फायली आपल्याकडे कमी.

इथे एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. या दाखल्यांनी कुणाचा किती हिस्सा हे कायमचं ठरत नाही. सक्सेशन सर्टिफिकेटवर भावाचं नाव असलं तरी त्यानं बँकेतून उचललेल्या पैशात बाकीच्या वारसांचा हक्क राहतो. नॉमिनीचंही तेच. नॉमिनीच्या हातात पैसा येतो, मालकी वारसांची राहते. म्हणून "दाखला झालाय" या वाक्याला घाबरायचं कारण नाही. दाखल्यात काय लिहिलंय ते बघायचं.

फाईल कोणत्या कोर्टात असेल?

सक्सेशन सर्टिफिकेटचा अर्ज, मरताना माणूस जिथे नेहमी राहत होता तिथल्या कोर्टात होतो. वडील गावी राहत असतील तर आपल्या भागाच्या दिवाणी न्यायालयात. वारसाच्या या कामांना बहुधा वरिष्ठ स्तराचं न्यायालय लागतं. ते प्रत्येक तालुक्याला नसतं, शेजारच्या तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या गावी असू शकतं. नवरा मुंबई-पुण्यात किंवा सुरतेला राहून नोकरी करत होता आणि तिथेच वारला, तर फाईल तिकडे असण्याची शक्यता धरा.

फेरफारात नंबर सापडला नाही तर मोबाइलवर शोधता येतं. 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' नावाचं सरकारी ॲप फुकट आहे. राज्य, जिल्हा, कोर्ट निवडायचं, मग पक्षकाराचं नाव आणि साल टाकायचं. चालू आणि निकाली, दोन्ही प्रकार तपासा. वारसाचे अर्ज लवकर निकाली निघतात, त्यामुळे नुसतं 'चालू' बघून "काहीच नाही" असं ठरवू नका.

नाव शोधताना बायका इथे अडकतात: मेलेल्या माणसाचं नाव टाकून बसतात. अर्ज करणारा जिवंत माणूस असतो, म्हणून भावाचं, दिराचं, पुतण्याचं, ज्याच्यावर संशय असेल त्याचं नाव टाका. स्पेलिंग तीन-चार तऱ्हेनं टाकून बघा. आडनाव आधी, मग नाव आधी. वडील वारल्याच्या सालापासून पुढचं एकेक साल घ्या. केस सापडली की तिचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर लिहून घ्या. पुन्हा कधी शोधायला तेवढाच पुरतो. त्याच पानावर तारखा दिसतात, आणि काही वेळा हुकूमही वाचता येतो.

ॲपवर नाही म्हणजे फाईल नाही, असं नाही. संगणक येण्याआधीच्या केसेस तिथे सापडतीलच असं नसतं. मग कोर्टात जाऊन त्या सालाची नोंदवही बघायला सांगावी लागते. साल माहीत हवं. साल आठवत नसेल तर मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून काढा आणि तिथून मोजत या.

नक्कल मागताना काय काय मागायचं?

बहुतेक जणी कोर्टात जाऊन "दाखल्याची झेरॉक्स द्या" म्हणतात. दाखला एक-दोन पानांचा. तो वाचून एवढंच कळतं की तुमचं नाव नाही. ते का नाही, हे बाकीच्या कागदांत असतं. म्हणून मागणी पूर्ण करा.

पहिला, मूळ अर्ज. सक्सेशन सर्टिफिकेटच्या अर्जात मेलेल्या माणसाचे कुटुंबीय आणि जवळचे नातेवाईक, त्यांच्या राहत्या पत्त्यासह लिहावे लागतात, असं कायद्याच्या कलम ३७२ मध्येच आहे. तर बघा, तुमचं नाव आहे का? बहीण म्हणून आहे की 'वारस नाही' असं लिहिलंय? "मयतास मुली नाहीत" असं लिहिलं असेल आणि तुम्ही हा लेख वाचत बसला असाल, तर पुढचं काही सांगायला नको.

दुसरा, नोटीस बजावणीचा अहवाल आणि पोस्टाची पोहोच. नोटीस कोणत्या पत्त्यावर गेली ते वाचा. लग्न होऊन तुम्ही वीस वर्षं सासरी, आणि नोटीस निघाली माहेरच्या पत्त्यावर. घेतली कुणी? ज्यानं अर्ज केला त्याच्याच घरातल्या माणसानं. किंवा बेलीफानं लिहिलेलं असतं, "घेण्यास नकार". नकार कुणी दिला, कोणत्या तारखेला, त्या दिवशी तुम्ही कुठे होता, हे नीट टिपून ठेवा. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस फायलीत असेल तर तिचीही नक्कल घ्या. कोणत्या पेपरात, कोणत्या गावच्या आवृत्तीत आली ते कळतं.

तिसरा आणि सगळ्यात मोलाचा कागद: संमतीपत्र, ना-हरकत किंवा प्रतिज्ञापत्र. पुष्कळ फायलींत बहिणींना सामनेवाले म्हणून दाखवलेलं असतं आणि त्यांच्या नावानं "आमची हरकत नाही" असा कागद जोडलेला असतो. कधी ती सही खरी असते. राखीला आलेल्या बहिणीपुढे "बँकेचं काम आहे" म्हणून कागद ठेवलेला असतो. कधी सही दुसऱ्याचीच असते. तुम्ही सही करत असाल आणि कागदावर अंगठा असेल, तर तेवढं एका नजरेत दिसतं. म्हणून हा कागद सोडू नका. कुलमुखत्यारपत्र असेल तर तेही मागा.

शेवटी हुकूम आणि दाखला. रोजनामाही मागितला तर बरं. कोणत्या तारखेला काय झालं, कोण हजर होतं, हे रोजनाम्यात ओळीओळीनं असतं.

खिडकीवर काय होतं?

निकाली फाईल कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये जाते, आणि नक्कल द्यायचं काम नक्कल विभागाचं. अर्ज लेखी द्यायचा, त्यावर कोर्ट फी तिकीट लावायचं. नकलेचा खर्च पानांवर ठरतो, म्हणून आधी थोडी रक्कम भरून घेतात आणि पानं मोजल्यावर उरलेली मागतात. अर्ज दिल्याची पोच घ्या. नक्कल कधी मिळेल ती तारीख पोचेवर लिहून घ्या, नाहीतर एसटीच्या तिकिटातच नकलेपेक्षा जास्त पैसे जातात. आता बऱ्याच कोर्टांच्या आवारात ई-सेवा केंद्र आहे, तिथे केसची माहिती आणि नकलेच्या अर्जाला मदत मिळते.

तुमचं नाव त्या केसमध्ये अर्जदार किंवा सामनेवाले म्हणून असेल तर तुम्ही पक्षकार. नोटीस कधी मिळाली नसली तरी पक्षकारच, आणि पक्षकाराला नक्कल मागण्याचा सरळ हक्क आहे. तुमचं नावच टाकलं नसेल तर तुम्ही त्रयस्थ ठरता. मग नक्कल का हवी याचं कारण लिहून, प्रतिज्ञापत्रासह अर्ज द्यावा लागतो आणि त्यावर न्यायाधीशांची परवानगी लागते. कारण साधं लिहा: "मी मयताची मुलगी असून वारस आहे, माझं नाव वगळून दाखला घेतला आहे." सोबत नातं दाखवणारा कागद लावा. शाळा सोडल्याचा दाखला, जन्माचा दाखला, जुनं रेशनकार्ड, ज्यावर वडिलांचं नाव आहे असं काहीही. शाळेचा दाखला आजच शोधून ठेवा, कारण लग्नानंतरच्या आधारकार्डावर नवऱ्याचं नाव येतं आणि बापाशी नातं सांगणारा तोच एक कागद उरतो.

नक्कल घेण्याआधी नुसती फाईल बघायची असेल तर पाहणीचा अर्ज करता येतो. फाईल जाडजूड असेल तर आधी पाहणी करून नेमकी पानं मागितलेली परवडतात. माझं मत विचाराल तर पहिल्या फेरीला एकटीनं जाऊ नका. गटातली वाचणारी, न घाबरता विचारणारी एखादी मैत्रीण सोबत न्या. काम दोघींना मिळून अर्ध्या वेळात होतं, आणि कुणी "उद्या या" म्हटलं तर "उद्या किती वाजता, कोणाकडे?" एवढं विचारायचं भान राहतं.

तलाठी आणि तहसील कार्यालयातला कागद मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज चालतो. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला माफ, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. कोर्टाच्या फायलीला मात्र हा रस्ता वापरू नका. कोर्टाची नक्कल कोर्टाच्या नियमांनीच मागायची, असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलं आहे.

उशीर करू नका म्हणण्यालाही कारण आहे. कोर्टाच्या फायलीतले सगळे कागद कायम ठेवत नाहीत. निकाल, हुकूम जास्त काळ जपतात, बाकीचे कागद ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करतात. ज्या संमतीपत्रावर तुमचा खोटा अंगठा आहे, तेच आधी जाऊ शकतं.

मृत्युपत्र पुढे केलं तर

"आबांनी सगळं माझ्या नावावर लिहून दिलंय," असं कुणी म्हणालं तर मृत्युपत्र नोंदलेलं आहे का ते विचारा. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. साध्या कागदावरचंही चालतं, मात्र त्यावर दोन साक्षीदार लागतात. नोंदलेलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात त्याची प्रत असते. लिहिणारा माणूस हयात असेपर्यंत ती नक्कल त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मिळत नाही. तो वारल्यावर मात्र कुणीही अर्ज करू शकतं. मृत्यूचा दाखला जोडायचा, नाव आणि अंदाजे साल द्यायचं. मृत्युपत्रांची वही आपल्याला चाळता येत नाही, तिथला अधिकारीच शोधून देतो.

नोंदलेलं मृत्युपत्र म्हणजे खरंच, असंही नाही. वाद झाला तर ते कोर्टात साक्षीदारानं सिद्ध करावं लागतं. आणि माणूस आपल्या वाट्याचंच लिहून देऊ शकतो, दुसऱ्याच्या हिश्शाचं नाही.

हक्कसोडपत्र तर याच कार्यालयात नोंदवलेलं असतं. त्याची सूची क्रमांक २ अलीकडच्या वर्षांसाठी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर बघता येते. आपण कधी हक्क सोडला होता का, हे आठवत नसलेल्या बाया मला भेटल्या आहेत. सही केली तेव्हा कशावर केली ते कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

कागदावरची तारीख इतकी महत्त्वाची का?

हिंदू वारसा कायद्यात २००५ साली बदल झाला आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क मिळाला. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी हा हक्क जात नाही, असं सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. पण २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत दस्तानं किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यानं वाटणी झाली असेल तर ती उकरता येत नाही. "आमची वाटणी तेव्हाच तोंडी झाली होती" असं नुसतं सांगणं सहसा चालत नाही. म्हणजे सगळा प्रश्न तारखेवर आणि कागद नोंदलेला आहे का यावर येतो. वडिलांनी स्वतः कमावलेल्या मिळकतीचं मृत्युपत्र नसेल तर हिशोब सोपा आहे. मागे बायको, दोन मुलगे, दोन मुली असतील तर पाच सारखे वाटे. मुलीचं लग्न झालंय म्हणून तिचा वाटा कमी होत नाही.

मुस्लिम मैत्रिणींचे हिस्से त्यांच्या व्यक्तिगत कायद्यानं ठरतात, आदिवासी समाजांना हिंदू वारसा कायदा तसाच्या तसा लागू नाही. मात्र वर सांगितलेली नक्कल मागायची पद्धत सगळ्यांना एकच.

नक्कल आल्यावर

खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून सक्सेशन सर्टिफिकेट मिळवलं असेल तर ते रद्द करायला त्याच कायद्याच्या कलम ३८३ खाली अर्ज करता येतो. फेरफार चुकीचा मंजूर झाला असेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील असतं. मुदत उलटली असेल तर उशीर माफ करा असा अर्ज सोबत जोडायचा आणि आपल्याला हे कधी कळलं ते लिहायचं. नकलेवरची तारीख इथे कामाला येते. फेरफार अजून मंजूर व्हायचा असेल तर नोटीस निघाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत द्या. तोंडी हरकत नोंदवायची राहून जाऊ शकते. अर्ज होणार अशी नुसती कुणकुण लागली असेल तर कोर्टात कॅव्हेट दाखल करता येतं. ते ९० दिवस चालतं.

यासाठी वकील लागेल, आणि तो फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाच्या कायद्यात बाईला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, फोन १५१००. जाताना नकलांचा गठ्ठा घेऊन जा. रिकाम्या हातानं गेलेल्या बाईला सल्ला मिळतो. कागद घेऊन गेलेल्या बाईचा अर्ज तयार होतो.

अर्जाचा नमुना (वहीत उतरवून घ्या)

प्रति,
मा. अधीक्षक, नक्कल विभाग,
दिवाणी न्यायालय, वरिष्ठ स्तर, ______

विषय: किरकोळ दिवाणी अर्ज क्र. ____ / सन ____ मधील कागदांच्या प्रमाणित नकला मिळणेबाबत.

महोदय,
मी, ______ (माहेरचं नाव ______), रा. ______, मयत ______ यांची मुलगी / पत्नी / सून आहे. वरील प्रकरणात मी सामनेवाली क्र. ____ आहे / माझं नाव पक्षकार म्हणून घेतलेलं नाही. प्रकरणाचा निकाल दि. ______ रोजी झाला आहे. मला खालील कागदांच्या प्रमाणित नकला हव्या आहेत: मूळ अर्ज व त्यासोबतची वंशावळ, नोटीस बजावणीचे अहवाल व पोस्टाच्या पोहोच पावत्या, जाहीर नोटीस, संमतीपत्रे, प्रतिज्ञापत्रे व कुलमुखत्यारपत्र, रोजनामा, अंतिम आदेश, दाखल्याची प्रत.
नकला माझ्या वारसा हक्काच्या कामासाठी हव्या आहेत. नियमाप्रमाणे फी भरण्यास मी तयार आहे.

दिनांक ______ सही / अंगठा ______
मोबाइल ______

अंगठा असेल तर शेजारी "अंगठा ______ यांचा" असं लिहून ओळखणाऱ्या मैत्रिणीची सही घ्या. 'मुलगी / पत्नी / सून' यातलं नको ते खोडून टाका. नवरा त्याच्या वडिलांच्या आधी वारला असेल तर विधवा सूनही सासऱ्याच्या वारसांत येते, तेव्हा 'सून' हा शब्द उगाच खोडू नका.

नकला हाती आल्या की खिडकीपाशीच पानं मोजा. प्रत्येक पानावर कोर्टाचा शिक्का, शेवटच्या पानावर 'खरी नक्कल' आणि सही, अर्ज केल्याची व नक्कल दिल्याची तारीख हे सगळं आहे का बघा. दोन झेरॉक्स काढा. प्रमाणित नक्कल घरात कुणाच्याही हातात देऊ नका. बघायला मागितली तर झेरॉक्स दाखवा.